माहेरच्या उताऱ्यावर नाव नाही, म्हणून हक्क गेला का?

आलेलं पत्र

वकीलबाई, नमस्कार. माझं माहेर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सासर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. लग्न १९९१ साली झालं. आप्पा २००१ साली गेले. आई आहे, दोन भाऊ आहेत, बहीण मी एकटीच. आजोबांपासून चालत आलेली सहा एकर भाताची जमीन आहे, आप्पांनी स्वतः विकत घेतलेली दोन एकर आहे, त्यात आता काजू लावलेत, आणि राहतं घर आहे. २०१२ साली थोरल्या दादानं गाडी पाठवून मला बोलावून घेतलं. 'वारसा लावायचा आहे, तुझी सही लागते,' म्हणाला. कागद कानडीत होता. मला कानडी थोडं समजतं, वाचता येत नाही. सही केली, वहिनीच्या हातचं जेवले, साडी घेऊन संध्याकाळी परत आले.

दरवर्षी सुगी झाली की माहेरून तांदळाचं एक पोतं यायचं. दोन वर्षांपासून ते बंद झालं. आता ऐकते की काजूची दोन एकर बेळगावच्या कुणाला तरी द्यायचं चाललंय. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, 'उताऱ्यावर तुझं नावच नाही. सही करून बारा वर्षं होऊन गेली. आणि चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्या मुलीला कर्नाटकात काही मिळत नाही.' हे खरं आहे का? मला भांडण नको आहे. पण जीव शांत नाही. कोर्टात गेले तर माहेर तुटेल, आईचं तोंड दिसणार नाही, ही भीती वाटते.

– चंदगड तालुक्यातील एक भगिनी

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रावरून तरी तुमचा हक्क शाबूत आहे असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणते, कारण २०१२ चा तो कागद मी पाहिलेला नाही आणि तुम्हीही तो वाचलेला नाही. सगळं त्या कागदाशी येऊन थांबतं. पण त्याआधी धाकट्या भावानं जे ऐकवलं ते बाजूला करू, कारण नेमकी हीच वाक्यं ऐकून आपल्या भागातल्या कितीतरी बहिणी उंबऱ्यावरूनच परत फिरतात.

चौऱ्याण्णवची गोष्ट त्यानं मनानं रचलेली नाही. कर्नाटकानं ३० जुलै १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. तुमच्या सासरच्या बाजूला, महाराष्ट्रात, त्याच वर्षी २२ जूनला असाच कायदा आला आणि त्यातही हीच अट होती. म्हणजे १९९१ साली लग्न झालेली मुलगी सीमेच्या कुठल्याही बाजूला असती तरी तेव्हा बाहेरच राहिली असती. ही अट पुढे रद्द झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून संसदेनं हिंदू वारसा कायदाच बदलला. हा कायदा केंद्राचा आहे, दोन्ही राज्यांना सारखा लागतो, आणि त्यात लग्न कधी झालं हा प्रश्नच उरलेला नाही. मुलगी जन्मानं वाटेकरी, मुलासारखीच.

मग तुमच्या भावाचे वकील म्हणतील, आप्पा तर २००१ सालीच गेले, २००५ चा कायदा त्यांच्या मिळकतीला कसा लागेल? काही वर्षं या म्हणण्यात दम होता, आणि त्याची मुळं आपल्याच जिल्ह्यात आहेत. १९९२ साली बेळगावच्या कोर्टात एका मुलीनं वाटणीचा दावा घातला. तो लढत लढत दिल्लीला गेला आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या निकालात सांगितलं, की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असतील तरच मुलीला नव्या कायद्याचा लाभ. त्या निकालाच्या आधारावर आपल्याकडे किती बहिणींना 'आता काही नाही' असं सांगून घरी पाठवलं गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं 'विनीता शर्मा' प्रकरणात हे मत रद्द केलं. हक्क जन्मानं मिळतो, त्यामुळे वडील त्या दिवशी जिवंत असण्याची गरज नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आज हाच कायदा आहे. २०१५ ते २०२० या काळात एखाद्या वकिलानं तुम्हाला 'नाही' म्हटलं असेल, तर ते तेव्हा चुकीचं नव्हतं, आज चुकीचं आहे.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं वाटणी झालेली असेल, तर ती उकरून काढता येत नाही. 'आप्पा असतानाच तोंडी वाटणी झाली होती' हे वाक्य तुम्हाला लवकरच ऐकायला मिळेल, याची खात्री बाळगा. नुसत्या तोंडी वाटणीवर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही, त्याच काळातला सरकारी कागद लागतो. म्हणून आपल्याकडे ज्याला वर्दी म्हणतात, म्हणजे नोंद बदलण्यासाठीची लेखी खबर, ती त्या वर्षांत तलाठ्याकडे दिली होती का, त्यावरून फेरफार झाला होता का, हे पाहावं लागेल. ते नसेल तर त्या बोलण्याला घाबरायचं कारण नाही.

काजूच्या दोन एकरांबद्दल तर चौऱ्याण्णवचा आणि २००५ चा वाद काढायची गरजच नाही. ती आप्पांची स्वकष्टाची. मृत्युपत्र न करता माणूस गेला की स्वकष्टाची मिळकत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, अशा सगळ्यांत सारखी वाटली जाते. हा नियम १९५६ पासूनचा आहे. लग्न झालेली, न झालेली, सीमेपलीकडे दिलेली, काही फरक नाही. 'मुलीला हक्क २००५ नंतर मिळाला' हे आपल्या लोकांच्या मनात इतकं घट्ट बसलं आहे की स्वकष्टाच्या जमिनीतला सत्तर वर्षांचा हक्क कुणाला आठवतच नाही. उद्या भाऊ म्हणाले की दोन एकरसुद्धा एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतली होती, म्हणून तीही वडिलोपार्जितच, तरी तुमचं काही बिघडत नाही. हिस्सा तोच येतो.

तो किती, ते मांडून दाखवते, कारण पत्रांत लोक अंदाजानं 'अर्धा', 'तिसरा' असं काहीही लिहितात. सहा एकरांची आप्पांच्या मृत्यूच्या दिवशी वाटणी झाली असं धरायचं. आप्पा, आई, दोघे भाऊ आणि तुम्ही, असे पाच सारखे हिस्से. मग आप्पांचा पाचवा हिस्सा तुम्हा चौघांत सारखा. एकूण प्रत्येकाला एक चतुर्थांश, म्हणजे दीड एकर. काजूच्या दोन एकरांतही चौथाई, म्हणजे वीस गुंठे. घरातही चौथाई. पूर्वी मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे, ते कलम २००५ सालीच काढून टाकलं आहे. आणि २००५ चा कायदा आलाच नसता असं घटकाभर धरलं, तरी सहा एकरांत तुमचा सोळावा हिस्सा निघालाच असता, म्हणजे पंधरा गुंठे. 'काही मिळत नाही' हे कुठल्याच काळात खरं नव्हतं.

आता उतारा. आपल्याकडे कुणी त्याला पहाणी म्हणतं, कुणी आरटीसी, जुनी माणसं अजून सात-बाराच म्हणतात. त्यावर नाव नाही म्हणजे जमीन नाही, हा समज फार खोलवर रुजला आहे. उतारा हा महसुलाचा कागद आहे, शेतसारा कुणाकडून घ्यायचा यासाठीचा. त्यातली नोंद खरी मानून सरकार चालतं, पण ती खोटी ठरवता येते, आणि नुसत्या नोंदीनं कुणाची मालकी जन्मत नाही की मरत नाही. मालकी कुणाची ते दिवाणी कोर्ट ठरवतं. आप्पा गेल्यावर दोन भावांची नावं लागली याचा अर्थ एवढाच की दोन वारसांनी आपली नोंद करून घेतली.

म्हणून २०१२ च्या कागदाकडे येते. त्या दिवसाची आठवण काढा, ताई. सही कुठे केलीत? तलाठ्याच्या चावडीत, नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत), तहसीलदार कचेरीत, की घरीच? की सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेला होता? तिथं गेल्याची खूण सोपी आहे: कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतात, अंगठा यंत्रावर टेकवायला लावतात, दोन साक्षीदार सह्या करतात, रांगेत थांबावं लागतं. असं काही झालं नसेल, नुसती एका टेबलावर सही केली असेल, तर तो बहुधा संमतीचा कागद आहे. कानडीत त्याच्या माथ्यावर 'ओप्पिगे पत्र' असं काही लिहिलेलं असतं. 'भावांची नावं लावायला माझी हरकत नाही' इतकंच त्यात असतं, आणि अशा कागदानं जमिनीतला हिस्सा सुटत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर तो कागद नोंदणी केलेलाच लागतो.

फोटो आणि अंगठा झाला असेल, तर मात्र तो 'हक्कु बिडुगडे पत्र', म्हणजे हक्कसोडपत्र असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर तो आपोआप रद्द होत नाही. 'वारसा लावायचा आहे' असं सांगून, मला न वाचता येणाऱ्या भाषेत, हक्क सोडल्याची सही घेतली, म्हणून तो रद्द करा, असं कोर्टाला सांगावं लागतं. फसवणुकीनं घेतलेली संमती रद्द होऊ शकते. त्याची मुदत तीन वर्षं, आणि ती फसवणूक तुम्हाला समजल्या दिवसापासून मोजतात, सही केल्या दिवसापासून नाही. त्यामुळे कागदाची नक्कल हातात आली की ती तारीख जपून ठेवा आणि त्यानंतर वेळ घालवू नका.

इथं थोडं माझं सांगते. माझ्या आत्यानं अशीच एक सही केली होती. तिला मराठी चांगलं वाचता यायचं, पोथी वाचायची रोज. पण कागद कानडीत, लिहिणारा ओळखीचा, बोलावणारा सख्खा भाऊ. 'वाचून दाखव' म्हणायला तिला लाज वाटली, भावावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून. नऊ वर्षांनी तिला समजलं की तिनं काय दिलं होतं. ती कुणावर चिडली नाही, पण त्यानंतर भाऊबीजेला गेली नाही. मी वकिली शिकले त्याच्या मागे ही गोष्ट आहे, म्हणून प्रत्येक बहिणीला सांगते: न वाचता आलेल्या कागदावर सही करायची वेळ आली, तर तो मराठीत वाचून मागा, आणि खाली 'मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, समजला' ही ओळ आणि वाचणाऱ्याची सही घालूनच आपली सही करा. खऱ्या भावाला यात काही वावगं वाटणार नाही.

बारा वर्षांचं काय, हे विचारलंत. इथं तुमच्या पत्रातलं ते तांदळाचं पोतं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून एखाद्याला बाहेर काढलं असेल, तर ते त्याला कळल्यापासून बारा वर्षांत दावा घालायचा, असा नियम आहे. २०१२ सालच्या सहीपासून बारा वर्षं मोजायची असं कुठेच नाही. एका वाटेकऱ्याचा कब्जा हा कायद्याच्या नजरेत सगळ्या वाटेकऱ्यांच्या वतीनं असतो. दादा जमीन कसत होता तो तुमच्याही वतीनं, आणि दरवर्षी सुगीला येणारं पोतं हे त्याचं दिसणारं रूप. घरच्यांनी ते मायेनं पाठवलं असेल, तरी तुम्हाला बाहेर काढलेलं नव्हतं याची ती खूण आहे. ते बंद झालं दोन वर्षांपूर्वी, आणि 'तुझं काही नाही' असं तोंडावर सांगितलं गेलं तेही आताच. मुदत मोजायची तर तिथून मोजायची. एकट्या पोत्यावर दावा उभा राहत नाही, पण ते कोण घेऊन यायचं, कुणाच्या गाडीतून, गावातलं कुणी पाहिलंय का, हे आज लिहून ठेवा. दहा वर्षांनी आठवत नाही. भावाचा एखादा फोनवरचा निरोप असेल, 'पोतं पाठवलंय' असा, तर तो पुसू नका.

या पोत्याचा आणखी एक उपयोग आहे. दाव्याची कोर्ट फी दोन तऱ्हेनं लागते. मी सहवाटेकरी म्हणून कब्जात आहे, असं मांडलं तर फी नाममात्र असते. मला पूर्ण बाहेर काढलं आहे, असं मांडलं तर हिश्श्याच्या बाजारभावावर फी भरावी लागते. दाव्यात काय लिहायचं ते सत्याला धरून, पण विचार करून लिहावं लागतं. घाईनं, दुसऱ्याच्या दाव्याची नक्कल मारून लिहिलेल्या कागदामुळे एखाद्या बाईला हजारोंची फी भरावी लागते.

आता काय करायचं. आधी कागद, मग बोलणं, मग गरज पडली तर कोर्ट. हा क्रम मोडू नका.

सहा एकर आणि दोन एकर, दोन्हीच्या सर्व्हे नंबरांचे उतारे नाडकचेरीतून काढा. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या संकेतस्थळावरही ते दिसतात. नवव्या रकान्यात मालकांची नावं, अकराव्यात बोजा. अकरावा रकाना नीट पाहा: सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर तिथं दिसेल, आणि वाटणीच्या वेळी त्या कर्जाचा विचार करावा लागेल. मग नावं ज्या फेरफारानं लागली त्याची नक्कल मागा, आणि त्याला जोडलेली वंशावळ मागा. वंशावळीत तुमचं नाव आहे का, हे पाहण्यासाठी मी म्हणते. बहिणीचं नावच गाळून 'दोनच वारस' असं शपथेवर लिहून दिल्याची प्रकरणं आपल्याकडे नवी नाहीत. तुमचं नाव गाळलेलं असेल, तर भावांच्या बाजूचा सगळा मुद्दा तिथंच लंगडा होतो. नाव असेल, तर २०१२ चा संमतीचा कागद त्याच फायलीत सापडेल.

खानापूरच्या सब-रजिस्ट्रार कचेरीतून दोन्ही जमिनींची ईसी, म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, काढा. त्या सर्व्हे नंबरवर नोंदणी झालेला प्रत्येक व्यवहार तिच्यात येतो. २०१२ च्या सुमाराचं हक्कसोडपत्र असेल, किंवा दोन एकरांचा नोंदणीकृत करार आधीच होऊन गेला असेल, तर ते तिथं कळेल. राहत्या घराचा कागद मात्र उताऱ्यात नाही, तो ग्रामपंचायतीत मिळतो. आजोबांच्या आधीचा एखादा कागद घरात असेल तर तो मोडीत असण्याचीही शक्यता आहे, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. जमीन वडिलोपार्जित आहे हे दाखवायला तो फार उपयोगी पडेल, फाडू नका, मोडी वाचणाऱ्याकडून मराठीत उतरवून घ्या.

कचेरीत मराठीत अर्ज द्यायचा अधिकार तुम्हाला आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, असं घटनेच्या ३५० व्या कलमात आहे. तरीही माझा अनुभव असा, की मराठी अर्जाला कानडी प्रत जोडली की टेबलावरचं काम लवकर सरकतं. तुमचं काम नकला मिळवण्याचं आहे, ते आधी होऊ द्या.

दोन एकर विकायची खरोखर हालचाल असेल तर थांबून चालणार नाही. भाऊ फार तर आपापला हिस्सा विकू शकतात, तुमचा आणि आईचा नाही. वकिलामार्फत भावांना आणि घेणाऱ्याला, दोघांनाही नोटीस पाठवा. त्यात उतारे, वंशावळ आणि तुमचा चौथा हिस्सा लिहा. नोटीस मिळाल्यावर 'मला माहीत नव्हतं' असं घेणाऱ्याला म्हणता येत नाही, आणि बेळगावचा शहाणा गिऱ्हाईक असेल तर पुष्कळदा व्यवहार तिथंच थांबतो. नोटीस धुडकावून खरेदीखत होणार असं दिसलं, तर दाव्यासोबत मनाईहुकूम मागावा लागतो. दावा दाखल झाल्यानंतरची विक्री दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते, म्हणून उशीर करायचा नाही.

हे कागद हातात आले की भावांकडे जा. रिकाम्या हातानं गेलात तर ते तुम्हाला समजावून परत पाठवतील, तुम्ही समजूनही घ्याल. कागद असले की बोलणं वेगळं होतं. सोबत मामा असेल तर मामाला, नसेल तर दोन्ही भाऊ ज्याचं ऐकतात अशा माणसाला न्या. 'लग्नात एवढं सोनं घातलं, एवढा खर्च केला' हे निघेलच. लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे, त्यानं हिस्सा फिटत नाही. पण त्या मुद्द्यावर वाद घालत बसू नका, ऐकून घ्या, कारण त्या वाक्याच्या मागे बरेचदा भावाच्या डोक्यावरचं जुनं कर्ज असतं.

तुम्हाला नेमकं काय हवं, हे आधी स्वतःशी ठरवा. दीड एकर भात आणि वीस गुंठे काजू चंदगडहून येऊन कसणार आहात का? नसाल, तर काजूची वीस गुंठे तुमच्या नावावर आणि भाताच्या हिश्श्याबद्दल ठरलेली रक्कम, असंही होऊ शकतं. किंवा घरातली एक खोली तुमच्या नावावर, म्हणजे माहेरी हक्कानं उतरायला जागा. माझ्याकडे आलेल्या एका बहिणीनं एवढंच मागितलं होतं आणि तिच्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. काहीही ठरो, ते नोंदणी केलेल्या वाटणीपत्रातच येऊ द्या. सर्व्हे नंबरचा तुकडा पडत असेल तर आधी भूमापन खात्याकडून ११-ई नकाशा करून घ्यावा लागतो, मग नोंदणी, मग फोड आणि उताऱ्यावर नाव. पैसे घेऊन हक्क सोडायचा असेल तर तोही तुमचा अधिकार आहे, कुणाला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. रक्कम मात्र कागदावर यावी आणि खात्यात जमा व्हावी.

बोलून होत नसेल, तर दावा. जमीन जिथं, तिथलं कोर्ट, म्हणून तो खानापूरला. महाराष्ट्रात घालता येत नाही. वाटणीच्या दाव्यात आधी कुणाचा किती हिस्सा ते ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग प्रत्यक्ष जमीन मोजून वेगळी करून देण्याचं काम. आधीच्या हुकूमनाम्यावर लोक आनंदानं पेढे वाटतात आणि दुसऱ्या टप्प्यात वर्षानुवर्षं अडकतात, हे तुम्ही आधीच ऐकलेलं बरं. अपील धारवाडच्या खंडपीठापर्यंत जाऊ शकतं. दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. भावंडांच्या दाव्याला मला ही वाट नेहमी बरी वाटते.

पैशांची काळजी असेल तर एक सांगते. स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यात तसं आहे. कोर्टाच्या आवारातच तालुका कायदे सेवा समिती असते, तिथं अर्ज द्या, किंवा १५१०० या नंबरावर फोन करा. त्या वकिलाशी मराठीत बोलता येईल का ते आधीच विचारा. खानापूर-बेळगावकडे मराठी बोलणारे वकील आहेत, मागितलंत तर मिळतील.

शेवटी आईबद्दल. तुमच्या पत्रात ती फक्त 'आईचं तोंड दिसणार नाही' एवढ्या एकाच वाक्यात आली, पण या जमिनीत तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे: दीड एकर भात, वीस गुंठे काजू, घराचा चौथा भाग. उताऱ्यावर फक्त भावांची नावं असतील, तर तिनंही २०१२ साली कुठेतरी अंगठा लावलेला असणार, आणि तिलाही कुणी वाचून दाखवलं नसणार. तिचा हिस्सा कुणाला द्यायचा ते तिनं ठरवायचं आहे. ती दोन्ही मुलांना देईल, किंवा तुम्हाला देईल, किंवा मृत्युपत्र करून सगळ्यांत वाटेल. तुम्ही तिच्याकडून कसलाही कागद करून घेऊ नका, चांगल्या हेतूनंही नाही. ती ज्या घरात राहते तिथं तिला त्याचे चटके बसतील. भाऊ तिला नीट सांभाळत नसतील तर तो वेगळा विषय आहे, त्यासाठी ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याबद्दल तुम्ही मला स्वतंत्र लिहा.

आणि दावा घालायची वेळ आलीच, तर एक गोष्ट मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगेन. वाटणीच्या दाव्यात सगळ्या वाटेकऱ्यांना पक्षकार करावंच लागतं. म्हणजे दाव्यात भावांच्या नावांबरोबर आईचंही नाव प्रतिवादी म्हणून येईल. तो कायद्याचा नियम आहे, तिच्याविरुद्ध काही नाही, पण तिला ते कळणार नाही. कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहून तिचं नाव घेईल आणि तिला वाटेल, लेकीनं माझ्यावर केस केली. म्हणून दावा दाखल करण्याच्या आदल्या दिवशी एसटी धरा, तिच्याजवळ जाऊन बसा, आणि उद्या कागद येईल, त्यावर तुझं नाव असेल, ते का असेल, हे तुमच्या तोंडानं तिला सांगा.